खोट्या मुकुटाची खरी किंमत

सगळीं सोंगें आणतां येतात, पण पैशाचें सोंग आणतां येत नाहीं, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. संसारांत पोळलेल्या माणसांनीं ती केली असावी, आणि घरसंसाराच्या हिशेबांत ती खरीही आहे. परंतु आपण ज्या काळांत राहतों त्या काळानें या म्हणीची दुसरीच बाजू उघडकीस आणली आहे. हल्लीं सोंगाचाच पैसा होतो. आणि एकदां पैसा झाला म्हणजे तें सोंग आहे हें सांगण्याची कोणाची छाती होत नाहीं. लिलावपुकाऱ्याची हातोडी पडली कीं खोटें तें खरें ठरतें व सुशिक्षित जग मान डोलावतें. या प्रकाराला कलावंताचा सन्मान म्हणावें कीं त्याच्या कलेचा अपहार म्हणावा, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथें करावयाचा आहे.

विचाराला निमित्त झालेली घटना अशी. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत लंडन येथें सदबीज या जुन्या लिलावगृहानें फ्रेडी मर्क्युरी या दिवंगत रॉक गायकाच्या घरांतील सुमारें १४०० नग विक्रीस काढले. सहा भागांत झालेल्या या विक्रींतून सुमारें ३ कोटी ९९ लाख पौंड उत्पन्न झाले. या नगांत एक तांबडा मखमली झगा आणि एक मुकुट होता. झग्याची लोकर खोटी, मुकुटाचे खडे कांचेचे. इंग्लंडच्या राजाला राज्याभिषेकप्रसंगीं सेंट एडवर्डचा म्हणून जो मुकुट घालतात, त्याची ही नाटकी नक्कल. डायना मोझली या वेशकर्तीनें १९८६ च्या दौऱ्यासाठीं हा सारा साज तयार केला होता. लिलावगृहाचा अंदाज ६० ते ८० हजार पौंडांचा होता; विक्री झाली ६ लाख ३५ हजार पौंडांना.

हा गायक कोण, हें आमच्या कांहीं वाचकांना नव्यानें सांगावें लागेल. फ्रेडी मर्क्युरी हें त्यानें स्वतः घेतलेलें नांव. जन्मनांव फरोख बलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजीं झांझिबार येथें एका पारशी कुटुंबांत तो जन्मला आणि लहानपणींच शिक्षणासाठीं आपल्या पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत आला. फ्रेडी हें नांव त्याला तेथेंच मिळालें. शाळासोबत्यांना घेऊन त्यानें आपलें पहिलें वाद्यवृंदही तेथेंच उभें केलें. १९६४ सालीं झांझिबारांत राज्यक्रांति झाली आणि त्याचें कुटुंब जीव बचावून इंग्लंडला गेलें. ईलिंगच्या कलाशाळेंत त्यानें रेखन-मुद्रणकलेची पदविका घेतली, १९७० सालीं क्वीन या नांवाचा संच सुरू झाला, आणि पुढचीं वीस वर्षें तो जगभर गात राहिला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, एड्सच्या विकारानें त्याचा अंत झाला.

या विक्रीसंबंधानें आपल्या सुशिक्षित समाजांत दोन प्रकारचे उद्गार कानीं पडतात. एक पक्ष अचंब्याचा. त्याला आंकड्याचें वेड. अमुक वस्तु इतक्या लाखांना गेली, तमुक तितक्या लाखांना गेली. आणि हा मुलगा आपल्या पांचगणीचा बरें का! दुसरा पक्ष तिरस्काराचा. एका किंचाळणाऱ्या नाटक्याचा झगा तो काय, आणि त्याला एवढी रक्कम ती काय. पश्चिमेची बुद्धि भ्रष्ट झाली, दुसरें काय! माझा दोन्ही पक्षांशीं वाद आहे, आणि त्यांतील दुसऱ्याशीं प्रथम. कारण तो पक्ष आपल्या घराघरांतून बसला आहे आणि आपण फार अभिरुचिसंपन्न आहों अशी त्याची समजूत आहे.

रंगभूमीवरील पोषाख ही चैन आहे, कलेचें मूळ अंग नव्हे, असें ज्यांना वाटतें त्यांनीं इंग्रजी रंगभूमीच्या सुवर्णयुगाकडे दृष्टि टाकावी. शेक्सपिअरच्या काळचा नाट्यगृहाचा मालक फिलिप हेन्स्लो याची हिशेबवही आजही उपलब्ध आहे. तिच्यावरून असें दिसतें कीं नवें नाटक लिहिणाऱ्या कवीला सुमारें ६ पौंड मिळत, आणि एखाद्या भारी पोषाखाला कित्येकदां त्याहून अधिक रक्कम पडे. हे मालक खुळे नव्हते. उघड्या नाट्यगृहांत, दिवसाढवळ्या, पडद्यांच्या साहाय्यावांचून राजा हा राजा दिसावयाचा, तर त्याच्या अंगावरील वस्त्रानेंच तो दिसला पाहिजे, हें ते जाणून होते. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांतून कपडेपट हें स्वतंत्र खातें असे तें याच कारणासाठीं. बालगंधर्वांनीं भामिनी किंवा रुक्मिणी उभी करतांना भारी वस्त्रांवर जो खर्च केला, त्याला कोणी उधळपट्टी म्हणोत. गाणें सुरू होण्यापूर्वींच प्रेक्षागृह त्या पात्राच्या स्वाधीन होई, यांत त्या वस्त्रांचा वांटा नव्हता असें कोण म्हणेल?

आतां हाच न्याय या गायकाला लावा. १९८६ च्या जुलै महिन्यांत लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर क्वीनचे ओळीनें दोन दिवस कार्यक्रम झाले, आणि प्रत्येक दिवशीं सत्तर हजारांवर माणसें जमलीं. ९ ऑगस्टला नेबवर्थच्या उद्यानांत झालेला त्याचा शेवटचा कार्यक्रम लाखाहून अधिक लोकांनीं पाहिला. एवढ्या समुदायांत शेवटच्या रांगेंतील माणसाला गायक करंगळीएवढा दिसतो. चेहऱ्यावरचा भाव त्याच्यापर्यंत पोंचत नाहीं. पोंचते ती आकृति, रंग आणि हालचाल. आवाज तेथवर नेण्याचें काम ध्वनिवर्धकांनीं करावयाचें आणि देह तेथवर नेण्याचें काम वस्त्रानें करावयाचें. म्हणूनच या वस्त्राला मी वाद्य म्हणतों. ज्यानें संचाचें मानचिन्ह स्वतःच्या हातानें रेखाटलें, १९७४ सालीं झँड्रा ऱ्होड्स या वेशकर्तीकडून पंखांसारखा पसरणारा शुभ्र चुणीदार अंगरखा करून घेतला, त्या रेखनकलेच्या विद्यार्थ्याला हें पुरतें ठाऊक होतें. वस्त्र केव्हां टाकावें हेंही त्याला ठाऊक होतें. १३ जुलै १९८५ रोजीं दुष्काळपीडितांसाठीं झालेल्या लाइव्ह एड या कार्यक्रमांत त्याच वेम्ब्लीवर त्याला जेमतेम वीस मिनिटें मिळालीं. त्या दिवशीं तो काय घालून आला? पांढरें बनियन आणि साधी विजार. त्या वीस मिनिटांची कीर्ति आजतागायत आहे. साधेपणा कोठें शोभतो आणि थाट कोठें, हा विवेक ज्याला आहे त्याला नुसता नटवा म्हणणें हा आपल्या अरसिकतेचा पुरावा होय.

मग त्या मुकुटाचें प्रयोजन काय होतें? कार्यक्रम संपत येई, शेवटचें गाणें होई, इंग्लंडच्या राष्ट्रगीताची धून वाजूं लागे, आणि त्या धुनीवर हा पारशाचा, झांझिबारहून परागंदा होऊन आलेला मुलगा इंग्लंडच्या राजाचा झगा पांघरून व मुकुट घालून इंग्लिश जनसमुदायासमोर उभा राही. नंतर तो मुकुट डोक्यावरून काढून लोकांपुढें उंच धरी. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला येथें शेक्सपिअरचा दुसरा रिचर्ड आठवल्याशिवाय राहत नाहीं. स्वहस्तें मुकुट उतरविणारा तो राजा शोकांत आहे आणि हा विनोदी आहे, एवढाच भेद. या दृश्यांत थट्टा होती आणि प्रेमही होतें. संचाचें नांवच राणी. त्या राणीच्या देशानें ज्याला आश्रय दिला, तो त्याच देशाचें राजचिन्ह खेळण्यासारखें हातांत घेतो, आणि लाख माणसें त्याला तें घेऊं देतात! या साऱ्या खेळाचा प्राण एकाच गोष्टींत होता: मुकुट खोटा आहे हें घालणाराला ठाऊक, पाहणाराला ठाऊक, आणि तें परस्परांना ठाऊक आहे हेंही दोघांना ठाऊक. खडे खरे असते तर तो एका धनवंताचा माज झाला असता. ते कांचेचे होते, म्हणूनच तें राज्य त्या मैदानावरील प्रत्येकाचें होतें आणि पांच-सात मिनिटांत तें संपत होतें.

येथपर्यंत मी तिरस्कारवाद्यांशीं बोललों. आतां अचंबेवाद्यांकडे वळतों. कारण जी गोष्ट एकानें तुच्छ लेखून गमावली, तीच दुसऱ्यानें आंकडा लावून गमावली आहे.

कांचेच्या मुकुटाला साडेसहा लाख पौंडांच्या घरांत किंमत आली, त्या क्षणीं त्याचा विनोद संपला. आतां तो पोलादी कपाटांत राहील, त्याचा विमा उतरेल, हातमोजे घालून त्याला स्पर्श होईल. ज्या ऐश्वर्याचें त्यानें सोंग घेतलें होतें, तें ऐश्वर्य त्याला खरोखरीच चिकटलें. राजाची थट्टा करणाऱ्या विदूषकाला कोणी खरेंच सिंहासनावर बांधून ठेवावें आणि त्याला त्याचा गौरव म्हणावें, तसा हा गौरव आहे.

आणि ही किंमत ठरते कशी? लिलावांत किंमत चढण्यास रसिकांचा समुदाय लागत नाहीं. दोन हट्टी धनिक पुरतात. तिसरा दमला कीं उरलेल्या दोघांच्या अहंकाराचा जो आंकडा होतो, त्याला दुसऱ्या दिवशीं वृत्तपत्रें मूल्य म्हणतात. या मूल्याची विवेकबुद्धि काय दर्जाची आहे तें याच विक्रींत पहा. त्या गायकाचें सर्पाकृति रुपेरी कंकण, ज्याचा अंदाज ७ ते ९ हजार पौंडांचा होता, तें ६ लाख ९८ हजार ५०० पौंडांना गेलें. म्हणजे मुकुट व झगा या दोहोंहून अधिक. मिशा विंचरण्याची चांदीची फणी, जिचा अंदाज ४०० ते ६०० पौंड, ती १ लाख ५२ हजार ४०० पौंडांना गेली. आणि त्याच्या सर्वांत प्रसिद्ध गीताचें, 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चें, हस्तलिखित १३ लाख ७९ हजार पौंडांना. ज्या कागदांवर खोडून, गिरवून, पुन्हां लिहून एक कलाकृति जन्मास आली, ते कागद हातांतल्या कांकणाच्या दुप्पट मोलाचेही ठरले नाहींत! अशा तराजूला आपण रसिकतेचा तराजू म्हणावयाचें काय?

याहून बोलकें उदाहरण दाराचें. लंडनमधील त्याच्या घराच्या बागेचें हिरवें दार होतें. तो गेल्यावर देशोदेशींचे सामान्य लोक तेथें येत आणि त्या दारावर आपल्या प्रेमाचे चार शब्द लिहून जात. तें दारही उतरवून विकलें. ४ लाख १२ हजार ७५० पौंड आले. त्या लांकडाला मोल आलें तें लिहिणाऱ्यांमुळें; आणि लिहिणाऱ्यांपैकीं कोणाचीही त्यावर मालकी नाहीं. लोकांचें प्रेम एकानें विकलें आणि दुसऱ्यानें विकत घेतलें. कायद्यानें यांत कोणताही दोष नाहीं, हें मला मान्य आहे. कायद्याच्या पलीकडे दोष असूं शकतो, एवढेंच माझें म्हणणें.

हा रोग एकाच गायकाच्या वस्तूंपुरता नाहीं. कर्ट कोबेन या अमेरिकन गायकानें १८ नोव्हेंबर १९९३ रोजीं न्यूयॉर्क येथें एका दूरदर्शन-कार्यक्रमांत जो जुनाट लोकरी सदरा घातला होता, तो २०१५ सालीं १ लाख ३७ हजार ५०० डॉलरांना विकला गेला, आणि २०१९ सालीं तोच ३ लाख ३४ हजार डॉलरांना. सदऱ्याला सिगारेटनें पडलेलें भोंक आहे, एक बटण गेलेलें आहे, आणि तो तेव्हांपासून धुतलेला नाहीं, हें दोष म्हणून नव्हे तर गुण म्हणून जाहीर करण्यांत आलें. भपक्याचा वीट आल्यामुळें जो मनुष्य मुद्दाम टाकाऊ कपडे घालीत असे, त्याच्या टाकाऊपणाचाच भाव चार वर्षांत दुपटीहून अधिक झाला. यांत स्मरण कोठें आहे? ही गुंतवणूक आहे. घेणारानें सदरा विकत घेतला नाहीं, पुढच्या घेणाराची हांव विकत घेतली.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊं. ते दुर्बळ नाहींत.

पहिला आक्षेप मालकीचा. या वस्तु त्या गायकानें मृत्युपत्रानें आपली निकटची मैत्रीण मेरी ऑस्टिन हिला दिल्या. तिनें तीस वर्षें तें घर जवळजवळ जसेंच्या तसें सांभाळलें. आणि आपल्या वृद्धपणीं ती निरवानिरव करूं इच्छिते, तर तिला दोष कां द्यावा? मी तिला दोष देत नाहीं. तीस वर्षें दुसऱ्याचें घर सांभाळणें ही साधी निष्ठा नव्हे. माझा आक्षेप त्या समाजावर आहे, ज्यानें एका एकट्या बाईच्या निष्ठेवर हा ठेवा तीस वर्षें सोडून दिला आणि तिनें हात टेकले तेव्हां हातोडीखेरीज दुसरा मार्ग तिच्यापुढें ठेवला नाहीं.

दुसरा आक्षेप धर्मादायाचा. विक्रीचा कांहीं भाग एड्सग्रस्तांसाठीं काम करणाऱ्या दोन संस्थांना देण्याचें ठरलें होतें. हें स्तुत्य आहे. आपल्याकडेही देवीला नेसविलेल्या पातळांचा लिलाव होतो. लालबागच्या गणपतीला वाहिलेले दागिने उत्सवानंतर विकले जातात, आणि त्यांत कोणाला गैर वाटत नाहीं. मग येथेंच कां वाटावें? भेद असा आहे. देवीचें एक पातळ गेलें तर उद्यां दुसरें येतें. भक्तांचा ओघ थांबत नाहीं, आणि देवी तर देवळांतच राहते. हा गायक १९९१ सालीं गेला. त्याच्या अंगावर आतां नवें वस्त्र चढावयाचें नाहीं. जें गेलें तें त्या भांडारांतून कायमचें गेलें. वाहत्या पाण्यांतून घागर भरणें आणि आटलेल्या विहिरीचा तळ उपसणें, यांना एक नांव देऊं नये.

तिसरा आक्षेप सर्वांत मार्मिक आहे. तो गायकच लिलावांचा शौकी होता. जपानी चित्रें, कांचसामान, किनखापी वस्त्रें तो हौसेनें विकत घेई. इतकेंच काय, उमेदवारीच्या दिवसांत केन्सिंग्टनच्या बाजारांत आपल्या संचांतील सोबत्याबरोबर त्यानें जुन्या कपड्यांचें दुकान चालविलें होतें. जुन्या कपड्यांचा व्यापार ज्यानें स्वतः केला, त्याच्या कपड्यांचा व्यापार झाला तर बिघडलें काय? गोष्ट खरी आहे, आणि तिच्यांतील गंमत मलाही कळते. परंतु जगांत वस्तूंच्या दोन जाति आहेत. जपानी चित्रकारानें ठसा उमटविला तो कोणीतरी विकत घ्यावा, घरीं न्यावा, सवडीनें पाहावा म्हणून. बाजारांतील जुना कोट होता तो कोणीतरी अंगांत घालावा म्हणून. या दोन्ही वस्तु विकल्या गेल्या म्हणजे आपल्या धर्मालाच जागल्या. रंगभूमीवरच्या झग्याचा धर्म मात्र निराळा. तो हजारोंनीं एकाच वेळीं पाहावा म्हणूनच शिवलेला. तो एकाच्या कपाटांत गेला, म्हणजे त्याचा उपयोग बदलला असें होत नाहीं. त्याचा उपयोगच संपतो.

चौथा आक्षेप असा कीं, विक्रीपूर्वीं लिलावगृहानें सुमारें महिनाभर या वस्तूंचें विनामूल्य प्रदर्शन केलें आणि १ लाख ४० हजारांवर माणसांनीं तें पाहिलें. जनतेचा वांटा जनतेला मिळालाच कीं! मी म्हणतों, माझ्या पक्षाला याहून उत्तम साक्षीदार मिळणार नाहीं. लाखावर लोक तासन्‌तास रांगेंत उभे राहिले, ते विकत घेण्यासाठीं नव्हे, पाहण्यासाठीं. पाहण्याची तहान केवढी होती हें त्यांनीं दाखवून दिलें, आणि त्याच आठवड्यांत दाराला कुलूप लागलें. जेवणाची पंगत बसवून, वास देऊन, पानें उचलण्याचा हा प्रकार.

शेवटचा आक्षेप संग्रहालयांविषयीं. संग्रहालय म्हणजे तरी काय? तेंही वस्तूंचें स्मशानच. कांचेमागें टांगलेला झगा आणि कपाटांत टांगलेला झगा, दोन्ही सारखेच निर्जीव. या आक्षेपाला उत्तर लंडन शहरानेंच दिलें आहे. फ्रेडीचा समकालीन, आणि वेशभूषेला त्याच्याइतकेंच महत्त्व देणारा, डेव्हिड बोवी हा गायक २०१६ सालीं वारला. त्याचा संग्रह, म्हणजे पोषाख, वाद्यें, हस्तलिखितें, आराखडे, असे ८० हजारांहून अधिक नग, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडे देण्यांत आले. आणि सप्टेंबर २०२५ मध्यें पूर्व लंडनमधील त्याच्या नव्या भांडारांत ते लोकांसाठीं खुले झाले. तेथील व्यवस्था अशी कीं, कोणाही माणसानें आगाऊ कळवून विशिष्ट वस्तु पाहण्यास मागावी आणि ती त्याला जवळून पाहावयास मिळावी. शिवणकाम शिकणारी एखादी मुलगी तेथें जाऊन त्या पोषाखाची शिवण कशी घातली आहे हें न्याहाळूं शकते. अंगरखा, त्याचा आराखडा आणि तो घालून गायिलेल्या गाण्याचें टिपण हीं तिन्ही एकाच छपराखालीं आहेत. त्यामुळें तीं एकमेकांचा अर्थ सांगतात. फ्रेडीचा झगा एका देशांत, हस्तलिखित दुसऱ्या घरांत आणि पियानो तिसऱ्या दिवाणखान्यांत गेला, म्हणजे तीन किंमती वस्तु उरतात, पण त्या तिहींना जोडणारा माणूस उरत नाहीं. दोन समकालीन गायक, एकच शहर. एकाचें स्मरण सर्वांसाठीं उघडें, दुसऱ्याचें विखुरलेलें. हा भेद दैवाचा नाहीं, व्यवस्थेचा आहे.

आणि व्यवस्थेचा म्हटला म्हणजे कायद्याचा विचार आलाच. इंग्लंडांत सांस्कृतिक वस्तु परदेशीं नेण्यावर नियंत्रण आहे. पण तें सामान्यतः पन्नास वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू पडतें. १९८६ चा झगा त्याच्या कक्षेंत येत नाहीं. आपल्या देशाचा १९७२ चा पुरावस्तुविषयक कायदा तर वस्तु शंभर वर्षांची, आणि हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचें, होईपर्यंत त्याकडे सहसा पाहतच नाहीं. दगडाला आणि धातूला हा नियम ठीक आहे; ते शंभर वर्षें वाट पाहूं शकतात. कापडानें कशी पाहावी? कलावंत वारल्यावर पहिल्या तीस-चाळीस वर्षांतच त्याच्या वस्त्रांचें बरें-वाईट होऊन जातें. कसर लागते, वारसांत वांटणी होते, लिलाव होतो. कायदा जागा होतो तेव्हां राखण करण्यासारखें कांहीं उरत नाहीं. फ्रान्समध्यें मात्र सरकारला असा अधिकार आहे कीं, सार्वजनिक लिलावांत शेवटची बोली झाल्यावर तीच किंमत देऊन सांस्कृतिक महत्त्वाची वस्तु त्यानें राष्ट्राच्या संग्रहासाठीं उचलावी. विकणाराचा पैसा बुडत नाहीं, आणि वस्तु नजरेआड होत नाहीं. हा मार्ग इतरांना कां सुचूं नये?

येथें कोणी विचारील, हा लंडनचा तंटा आपल्या अंगणांत कशाला? पांचगणीचें नांव घेऊन त्या गायकावर हक्क सांगावयास आपण मागेंपुढें पाहत नाहीं, म्हणून! जो हक्क सांगतो त्यानें उत्तरदायित्वही सांगावें. रंगभूमीवर जीव ओवाळून टाकणारा समाज म्हणून आपण मिरवतों. परंतु नाटक मंडळ्या बुडाल्या तेव्हां कपडेपटाच्या पेट्यांना आपण अडगळ समजलों, कीं ठेवा समजलों? तमाशाच्या फडांतील शालू-शेले, कीर्तनकारांचे अंगरखे, शाहिरांचे फेटे यांची आठवण आपल्याला केव्हां होते? कोणी परदेशीं त्यांचा भाव काढला म्हणजे! याच्या उलट पुण्यांत एका माणसानें काय केलें तें पाहा. कवि अज्ञातवासी, म्हणजे दिनकर केळकर, यांनीं अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, चोळ्या, वाद्यें अशा वस्तु गांवोगांव हिंडून गोळा केल्या. ज्या वस्तु लोक मोडीत काढीत होते त्या त्यांनीं मोल देऊन घेतल्या. आणि तो सारा संग्रह आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नांवानें लोकांच्या स्वाधीन केला. मोडींतल्या अडकित्त्याचें मोल त्यांना हातोडीनें सांगावें लागलें नाहीं. त्यांनीं तें आधीं पाहिलें, आणि मग खिशांत हात घातला. संग्राहक आणि गिऱ्हाईक यांच्यांतील अंतर तें हेंच.

म्हणून माझें मागणें अगदीं थोडें आहे. फ्रेंचांसारखा अग्रहक्काचा नियम आपल्या सरकारानें करावा, आणि त्यांत रंगभूमीच्या, संगीताच्या व चित्रपटाच्या वस्तूंना वयाची अट नसावी. कलावंतांच्या वारसांना आपल्या घरचा ठेवा संग्रहालयास देतां यावा म्हणून करांत सवलत आणि सांभाळाची हमी मिळावी. नुसत्या शाल-श्रीफळावर त्यांची बोळवण करूं नये. आणि हें सरकारनें करावें म्हणून ज्या वर्गाचें मत सरकारदरबारीं ऐकलें जातें, त्या आपल्या सुशिक्षित वर्गानें प्रथम आपली जीभ सुधारावी. यापुढें एखाद्या कलावंताची वस्तु विकल्याची वार्ता घरांत वाचली गेली, तर ती किती लाखांना गेली हें मुलांना सांगण्यापूर्वीं, ती उद्यां कोणाला पाहावयास मिळेल, एवढें एकदां मोठ्यानें विचारावें. पुष्कळदां उत्तर येईल कीं, कोणालाही नाहीं. तें उत्तर ऐकून ज्याला आंकड्याचें कौतुक उरेल, त्यानें तें खुशाल करावें; पण त्याला कलेचा आदर असें नांव देऊं नये, आणि पांचगणीचें नांव तर मुळींच घेऊं नये.